अकरावा वाडगा

मासळीच्या लगद्याची एक पांढरी चकती. कडेला दाते, मधोमध गुलाबी भोवरा. जाडी दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवल्याइतकी.

नागासेंच्या घरी रोज तीन वर्तमानपत्रं येतात. माणसं दोन. त्यांतलं एक फक्त हवामान वाचतं.

गोंदोची खानावळ मंगळवारी बंद असते. पहिल्या दिवसापासून.

बांबूच्या पानात बांधलेले तांदळाचे गोड उंडे, एका खोक्यात वीस, चार दिवस टिकतात.

दोन माणसं समोरासमोर वाकू लागली तर आधी सरळ कोणी व्हायचं, याचा कुठलाही नियम किताकाता गावात नाही.

एक लाकडी पाटी, धरायला मूठ असलेली.

बस, एवढंच सामान. आता या सामानातून नागासेंचा शनिवार कसा उभा राहिला आणि कसा कोसळला, ते सांगायचं.

*

"नाही म्हणायचं मला तू शिकवू नकोस!" नागासे बायकोला म्हणाले. "चौतीस वर्षं नगरपालिकेत खिडकी नंबर चारवर बसून मी लोकांना दुसरं काय म्हणत होतो?"

यात खोटं काहीच नव्हतं. नागासेंची पद्धत ठरलेली होती. आधी दातांच्या फटीतून हवा आत ओढायची. मग मान डावीकडे कलती करायची. आणि मग, आपल्यालाच कुठेतरी दुखतंय अशा चेहऱ्याने म्हणायचं, "ते जरा अवघड आहे." खिडकीपलीकडचा माणूस पहिल्या टप्प्यालाच कागद गोळा करू लागायचा.

"ते काचेमागे हो," तोमोए म्हणाली. "काच काढली की तुमचं काय होतं ते मला विचारा. तीन पेपर. दोन पाणी गाळायची यंत्रं. आणि तो सव्वीस खंडांचा ज्ञानकोश! विकणारा पोरगा दारात रडला म्हणून तुम्हीही रडलात."

"त्याच्या डोळ्यात कचरा गेला होता."

"आणि तुमच्या?"

नागासेंनी विषय बदलला. विषय बदलून तो नेहमीच्या जागी आला, म्हणजे चकतीवर.

गेली एकतीस वर्षं या घरात एकच भांडण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात दोघांनी किताकाताला, गोंदोच्या खानावळीत, सकाळी सकाळी रामेन, म्हणजे रश्श्यातले नूडल्स, खाल्लं होतं. त्या रश्श्यावर मासळीची चकती तरंगत होती असं नागासेंचं म्हणणं. नव्हती असं तोमोएचं. एकतीस वर्षं! या काळात त्यांची मुलगी मोठी होऊन ओसाकाला गेली, कौलं दोनदा बदलली, पण चकती जिथल्या तिथे. नवस फिटतात, भांडणं मिटतात, पण दोघांच्या आठवणीत दोन वेगवेगळे वाडगे असले की जेवणाचं टेबलच कोर्ट होतं.

आणि आता मासिकात बातमी आली होती. गोंदोचा खांदा निकामी झालाय. रश्श्याचं पातेलं उचलवत नाही. शनिवार हा खानावळीचा शेवटचा दिवस. चाळीस वर्षांत त्याने मिठाचा खडासुद्धा इकडचा तिकडे केलेला नाही, असंही त्यात होतं.

"जाऊन बघा," तोमोए म्हणाली. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, नाहीतर तीच गेली असती. "पण विचारायचं नाही. बघायचं. तुम्ही 'चकती होती ना?' असं विचारलंत, तर ती बिचारी माणसं शिष्टाचार म्हणून 'होती होती' म्हणतील."

"फोटो?"

"तिथे काढू देत नाहीत. तुमचा शब्द पुरे. तुम्हाला खोटंही बोलता येत नाही."

"आणि चकती निघाली तर?"

"तर तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे असं मी मुलीला फोन करून सांगीन."

नागासेंच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

"आणि नाही निघाली, तर सोमवारी स्वतः जाऊन दोन पेपर बंद करायचे. समोर उभं राहून. तोंडाने."

रोमांच बसले.

*

शनिवारी सकाळी आठ वाजता नागासे गोंदोच्या दारात पोचले. आदल्या रात्री सरायीत मुक्काम, सकाळी गरम पाण्यात दोन डुबक्या, हातात ओळखीच्यांना द्यायला आणलेलं उंड्यांचं खोकं. गवतावर दहिवर, तोंडातून वाफ, आणि दारावरच्या निळ्या पडद्यामागून डुकराच्या हाडांचा आणि सोयाचा असा वास, की शेजारच्या घरातलं मांजर खिडकीत बसून डोळे मिटून नुसतं श्वास घेत होतं.

खानावळीची मालकीण, गोंदोबाई, बाहेर आली. बुटकी, पांढरा रुमाल बांधलेली, बोटाने माणसं मोजत. नागासेंपाशी तिचं बोट थांबलं.

"अकरा. रस्सा अकरा वाडग्यांचाच उरलाय. तुम्ही शेवटचे हं साहेब. या खानावळीतलं शेवटचं गिऱ्हाईक."

"मी!"

"तुम्हीच. मग एक त्रास देते. मागून येतील त्यांना तेवढं सांगाल का, रस्सा संपला म्हणून? मला आतून हलता येत नाही." आणि तिने भिंतीला टेकवलेली लाकडी पाटी त्यांच्या हातात दिली.

पाटीवर दोन ओळी होत्या. वरची ठळक, काळी: रांग इथे संपते. खालची लाल रंगातली: रस्सा संपला. चाळीस हिवाळ्यांच्या बर्फाने ती लाल ओळ अशी धुऊन निघाली होती, की आधी माहीत असेल त्यालाच वाचता यावी.

"काळजीच करू नका," नागासे म्हणाले. "हे माझं काम आहे."

खरंच होतं. पहिलं जोडपं आलं. हवा आत, मान डावीकडे, "ते जरा अवघड आहे." जोडपं वाकलं आणि गेलं. मग तीन सायकलवाले आले. गेले! मग एक आख्खं कुटुंब, आजोबांसकट. नागासेंना त्यांची दया आली म्हणून त्यांनी समोर हात केला. "रस्त्यापलीकडे इबुकांचं दुकान आहे. तिथेही मिळतं म्हणे."

कुटुंब पलीकडे गेलं. त्यानंतरची चार माणसंही गेली. नागासे पाटी छातीशी धरून असे उभे होते, जणू किल्ल्याचा दरवाजा त्यांच्याच भरवशावर आहे. 'बघ तोमोए,' ते मनात म्हणाले, 'काच नाही, खिडकी नाही, तरी बघ!'

एवढ्यात पलीकडून इबुका स्वतः आले. गोल चेहरा, कमरेला फडकं, हातात मुळ्याच्या लोणच्याचं पुडकं.

"तुम्ही माझ्याकडे माणसं पाठवताय. हे घरचं आहे, क्षुल्लक आहे, पण घ्या."

"छे छे, मी काय केलं!"

"घ्याच."

"कसं घेऊ!"

"एकदा घ्याच."

घेतलं. आता फुकट लोणचं घेऊन स्वस्थ राहील तो नागासे कसला? त्यांनी खोकं उघडलं आणि दहा उंडे इबुकांच्या हातात कोंबले. इबुका उंड्यांकडे बघत, हिशेब वाढल्यासारखा चेहरा करून परत गेले.

*

मग काठीच्या जागी चाकांची गाडी ढकलत एक आजी आल्या. गाडीला बसायला छोटं आसन. वय नव्वदीला टेकलेलं.

हवा आत. मान डावीकडे. "आजी, ते जरा अवघड—"

"मला नाही खायचं बाळा," आजी म्हणाल्या. बासष्ट वर्षांच्या नागासेंना कित्येक वर्षांत कोणी बाळ म्हटलं नव्हतं. "रोज येते मी. आज वाटेत गाडीचं चाक अडकलं, उशीर झाला. आता खाणं नाही तर नाही, गोंदोबाईला नुसतं 'चालले' म्हणते. इथे बसू का? मी रांगेत नाही हं!"

"बसा की."

आजी त्यांच्या मागे गाडीवर बसल्या. बसल्या त्या बसल्याच.

आणि तिथेच सगळं बिनसलं.

कारण पुढचा माणूस आला तो टोकियोकडचा, गळ्यात कॅमेरा अडकवलेला, लोकरीची टोपी घातलेला. त्याला काय दिसलं? रांग. रांगेत एक काका, त्यांच्या मागे एक आजी, आणि काकांच्या हातात पाटी: रांग इथे संपते. आता मोठ्या शहरातल्या मोठ्या रांगांची रीत अशी, की अशी पाटी शेवटच्या माणसाने धरायची आणि नवा माणूस आला की त्याने ती आदराने मागून घ्यायची. टोपीवाला सभ्य होता. तो आजींच्या मागे उभा राहिला, कमरेत वाकला आणि दोन्ही हात पुढे केले.

"काका, आता शेवटचा मी. द्या पाटी."

दोन्ही हात पुढे करून, वाकून कोणी काही मागितलं, तर नागासेंचे हात त्यांना न विचारताच काम करतात. ज्ञानकोशही असाच घरात आला होता. पाटी गेली!

"अहो, पण ते जरा अवघड आहे," नागासे म्हणाले.

"छे, मला सवय आहे. मागच्या वर्षी चार तास धरली होती."

"तसं नाही, म्हणजे रस्सा—"

"हो ना, वास काय सुटलाय!"

नागासेंनी दातांतून हवा ओढली. खूप ओढली. पण तेवढ्यात दोन मैत्रिणी आल्या, वाकल्या, आणि पाटी टोपीवाल्याकडून त्यांच्याकडे गेली. मग एक शिक्षक. मग नवरा, बायको, सासू. प्रत्येक जण पाटी दोन्ही हातांनी घेत होता, उंच धरत होता, आणि पुढच्याला सोपवताना "तुम्हाला त्रास" म्हणत होता. रस्सा संपल्याची पाटी, संपलेल्या रश्श्यासाठी उभ्या राहिलेल्या रांगेच्या शेपटाला, झेंड्यासारखी मागे मागे चालली होती!

नागासेंनी मोजलं. नऊ. थोड्या वेळाने मोजलं. चौदा. मग मोजायचं सोडलं, कारण टोक वळणापलीकडे गेलं होतं.

आता सांगायचं कुणाला? टोपीवाल्याला सांगावं, तर त्याच्या मागच्या सगळ्यांसमोर त्याला ओशाळवाणं व्हायचं. शेवटच्याला सांगावं, तर तो म्हणणार, मग पुढचे का उभे आहेत? सगळ्यांना एकदम ओरडून सांगावं, तर... शनिवारी सकाळी, शांत गल्लीत, नागासे ओरडणार? त्यापेक्षा त्यांनी चौथं वर्तमानपत्र लावलं असतं.

आणि इबुका पुन्हा आले. या वेळी चेहरा उतरलेला आणि हातात साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, आख्खी बाटली.

"माझं काही चुकलं का?"

"काय?"

"अर्धा तास झाला, एकही माणूस पाठवला नाहीत. लोणचं खारट लागलं असेल. उंडे इतके सुंदर आणि मी मुळा दिला, लाज वाटली मला. ही घ्या."

"अहो नाही हो!"

"राग सोडा साहेब. घ्या."

बाटली आली. नागासेंनी उरलेले दहा उंडे दिले. ते पुरेनात असं दोघांनाही दिसत होतं, म्हणून नवी कोरी घडीची छत्रीही दिली. इबुका छत्री काखेत मारून जड पावलांनी गेले. परतफेडीचा विचार करत असणार.

*

पुढे चार माणसं. तीन. दार सरकायचं, वाफेचा लोट बाहेर यायचा, "पुढचे या!" आणि दार बंद. काच घामेजलेली, आतलं काही दिसत नव्हतं. चकती चार पावलांवर होती.

नागासेंपुढे आता सरळ मार्ग होता. काही बोलायचं नाही. अकरावा नंबर आपला. आत जायचं, बसायचं, बघायचं, खायचं. बाहेरच्यांना दार बंद झाल्यावर कळेलच. तोवर आपण मागच्या दाराने... खानावळीला मागचं दार असतंच.

त्यांनी मागे पाहिलं. टोपीवाला थंडीने हात चोळत होता. आजींनी त्याला आपल्याजवळची गोड गोळी दिली होती, आणि तो ती चघळत त्यांना कॅमेऱ्यातली फुलं दाखवत होता.

"गोंदोबाई काय म्हणेल हो?" नागासेंच्या तोंडून निघालं. "तिने माझ्यावर सोपवलं होतं."

"काय सोपवलं, बाळा?"

झालं. बाळा म्हटल्यावर नागासेंनी सगळं सांगून टाकलं.

आजींनी रांगेकडे पाहिलं, मग नागासेंकडे. "अगंबाई! मग जा की. सांगून ये. मी धरते तुझी जागा."

"दोन मिनिटांत येतो."

दोन मिनिटं! नागासे टोपीवाल्यापुढे कमरेत काटकोनात वाकले. "रस्सा मघाशीच संपलाय. मी सांगायला हवं होतं. चूक माझी."

टोपीवाला त्यांच्याहून खाली वाकला. "नाही काका, चूक माझी. मी पाटी हिसकावली."

"हिसकावली कसली, मी दिली."

"मी मागितली म्हणून दिलीत."

नागासे आणखी वाकले. टोपीवाला आणखी वाकला. कॅमेरा जमिनीला लागला. एक माणूस उरकायला पाऊण मिनिट लागलं. मैत्रिणी दोन होत्या आणि आळीपाळीने माफी मागत होत्या, त्यांना दीड. सासूबाईंनी तर "आम्हीच मुळात उशिरा उठलो" इथपासून सुरुवात केली! आणि कोणी जाईना. ज्याची माफी मागून झाली तो पुढच्याची माफी मागून होईपर्यंत शिष्टाचार म्हणून थांबे. त्या गल्लीत एकोणीस माणसं वाकत-उठत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, यांचं काहीतरी हरवलंय आणि सगळे मिळून शोधताहेत.

मागे दार सरकलं.

"अकरावे! शेवटचे या!" गोंदोबाईचा आवाज.

नागासे तेव्हा सतराव्या माणसापुढे वाकलेले होते. अर्ध्यातून उठायचं कसं?

"मी रांगेत नाही," आजी म्हणाल्या.

"अगं बाई, तुम्ही! आज आल्या नाहीत म्हणून जीव टांगणीला लागला होता माझा! दहा गेले, तुम्ही अकराव्या. चला, थंडीत काय बसलाय!"

"एका बाळाची जागा आहे ही..."

"कुठाय बाळ?" गोंदोबाईने बाहेर पाहिलं. बाळ असं कोणी दिसेना. टोपीवाल्याने मदत म्हणून गाडी उचलून उंबऱ्याआत ठेवली. दार सरकलं.

नागासे एकोणिसावी माफी मागून, पाटी परत घेऊन धापा टाकत आले, तेव्हा गोंदोबाई निळा पडदा उतरवून घडी घालत होती. वाफेत चेहरे कुठले दिसणार, नागासेही त्या दहांत जेवून गेले असं तिने धरलं होतं. "कुणाला परत पाठवावं लागलं का हो?" तिने विचारलं. "तुमचं पोट भरलं ना?"

दार ठोठावायचं, सांगायचं, की तो वाडगा माझा. एवढंच. नागासेंनी दातांतून हवा ओढली.

"भरलं," ते म्हणाले. "फार छान होतं."

आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि तेही उपाशी पोटी.

*

एकोणीस माणसं इबुकांकडे गेली. दुकानात जागा चौदा. साहजिकच बाहेर रांग लागली आणि तिच्या टोकाला नागासे उभे राहिले, पाटीसकट.

"अहो, ती पाटी खाली ठेवा!" इबुका आतून धावत आले. "रस्सा संपला म्हणून सगळे पळतील माझे!"

इबुकांनी त्यांना खिडकीपाशी बसवलं. वाडगा आला. रुंद, लाटांसारखे नूडल्स, मांसाचे चार काप, पातीचा कांदा, आणि मधोमध मासळीची पांढरी चकती, गुलाबी भोवऱ्याची. नागासेंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं परीक्षेत नापास झालेला माणूस शेजारच्याच्या पेढ्यांकडे बघतो. असायला हवी होती ती चकती, पण रस्ता ओलांडून.

"कसं आहे?" इबुकांनी विचारलं.

"उत्तम. कुठेतरी खाल्ल्यासारखं वाटतंय."

"हॅ! समोर गोंदो असताना इथे कोण येतं? मंगळवारी तेवढी त्याची सुट्टी म्हणून पस्तीस वर्षं माझं चाललं. आता रोजच मंगळवार." आणि इबुका खिडकीतून बंद दाराकडे बघत राहिले. स्पर्धक गेल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर शोधून सापडला नसता.

तेवढ्यात समोरून आजी निघाल्या. नागासे नॅपकिनसकट बाहेर धावले.

"बाळा! अरे, तुझा वाडगा मी..."

"ते राहू द्या आजी. एकच सांगा. चकती होती का? मासळीची?"

तोमोएने मालकांना विचारायचं नाही म्हटलं होतं. आजी मालक नव्हत्या.

"गोंदोच्या रामेनवर? छे! चाळीस वर्षं खातेय, एकदाही नाही. त्याला लहानपणी चकतीने अंगभर पित्त उठलं होतं. हातसुद्धा लावत नाही तिला." आजींनी डोळे पुसले. "रस्सा मात्र आज फार चांगला जमला होता रे."

नागासेंनी बायकोला फोन लावला.

"खाल्लंत?" तोमोएने विचारलं.

"खाल्लं." हे खरं होतं. कुठे, ते तिने विचारलं नव्हतं.

"आणि?"

"नव्हती. गोंदोच्या वाडग्यात चकती नव्हती. कधीच नव्हती. तुझं बरोबर."

एकतीस वर्षांचं भांडण असं एका वाक्यात संपल्यावर तिलाही आता जेवताना काय बोलायचं असा प्रश्न पडला असावा.

"बरं," ती हळूच म्हणाली. "मग सोमवारी पेपरवाले. सरळ सांगायचं. नको म्हणजे नको."

"हो."

"छत्री आहे ना बरोबर? दुपारी पाऊस आहे म्हणतात."

नागासेंनी मान डावीकडे कलती केली. "ते जरा अवघड आहे," ते म्हणाले.

*

एकतीस वर्षांपूर्वी नागासे आणि तोमोए किताकाताला आले, तो मंगळवार होता.